एकशे सत्तावीस दाते

लग्नाला वर्ष होत आलं होतं. संध्याकाळी जेवताना मी म्हणाले, "हे होनार नाही जी," आणि हे भरल्या ताटावरून उठून बाहेर जाऊन बसले. मी बोलत होते एका संख्येबद्दल. त्यांनी स्वतःवर घेतलं. ती संख्या एकशे सत्तावीस, आणि तिच्यापायी आमच्या घरातलं स्वास्थ्य आधीच गेलं होतं.

स्वास्थ्य तरी कुठून आणणार म्हणा. भिलाईत तेव्हा रशियनांच्या मदतीनं पोलादाचा प्लांट उभा राहत होता. आम्ही मजुरांच्या कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत राहायचो. दारात तांबडी धूळ, आणि दिवसभर कुठेतरी कोणीतरी लोखंडावर लोखंड आपटत असायचं. काल ज्या वाटेनं पाणी आणलं ती वाट आज खणून टाकलेली. शेजारणी वैतागायच्या. मला मात्र ते बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. माझ्याही डोक्यात असाच कारखाना सुरू असायचा, फक्त त्यातून माल काही बाहेर पडत नसे.

मी नागपूरची मॅट्रिक. वडील रेल्वेत पॉइंट्समन. पोरीला शिकवतो म्हणून वस्तीनं त्यांना वेड्यात काढलं, तरी ते मागे हटले नाहीत. गणितात माझं डोकं चालायचं. पुढं कॉलेज व्हायचं होतं, त्याऐवजी लग्न झालं. आमचे हे माझ्यापेक्षा कमी शिकलेले. नागपुरात एका जुन्या वर्कशॉपात ते खलाशी होते. खलाशी म्हणजे मशीनवरचा हरकाम्या: तेल घाल, लोखंडाचा बुरा झाड, जड वस्तू धरून उभा राहा. लेथ मशीनवर लोखंड कातणारा टर्नर चहाला गेला की ते मशीन हेच चालवायचे, आणि टर्नर बरेचदा चहालाच असायचा. काम यांचं, नाव त्याचं. आमच्या वस्तीतल्या माणसाला तिथं टर्नर करत नसत आणि का करत नाहीत ते कुणी विचारतही नसे. धम्मदीक्षा घेतल्यावर हे विचारायला लागले. मग तिथं राहणं कठीण झालं आणि आम्ही भिलाईला आलो.

इथं एका ठेकेदाराच्या मशीन शॉपात काम मिळालं. तिथंही खलाशी म्हणूनच. पण तिथं एक काम अडलं होतं. एका रशियन मशीनचा हातभर लांबीचा स्क्रू झिजला होता. नवा करायचा तर त्यावर मिलिमीटरच्या मापाचे आटे पाडायला हवेत, आणि शॉपातलं लेथ मशीन विलायती, इंचावर चालणारं. इंचाच्या मशीनवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर मध्ये दात्यांची चाकं बदलून हिशेब जुळवावा लागतो. इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर. अपूर्णांक काढून टाकला की पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर. तिथून तो आकडा आमच्या घरात शिरला.

मशीनच्या पेटीत एकशे सत्तावीस दात्यांचं चाक नव्हतं. शॉपातल्या तरुण इंजिनिअर साहेबांनी ते बाहेरून मागवलं होतं आणि ते कधी येईल हे देवालाही सांगता आलं नसतं. तोवर टर्नर लोकांनी पेटीतल्या चाकांनी एकशे सव्वीसचा मेळ बसवून पाहिला. एकानंच तर कमी! पण नट पाच-सहा आटे चालायचा आणि मग असा धरून बसायचा की हातोड्यानं काढावा लागायचा. शेवटी ठेकेदाराचा मॅनेजर चिडून सगळ्यांसमोर बोलून गेला, "जो ये बना देगा, उसको टर्नर बना दूँगा, चाहे खलासी क्यों न हो."

झालं. त्या दिवसापासून यांना खाणं-पिणं सुचेना. टर्नर झालं की पुढं प्लांटातही टर्नर म्हणून अर्ज करता येणार, सेक्टर दोनमध्ये पक्कं क्वार्टर मिळणार, हे तर होतंच. पण क्वार्टरपेक्षा त्यांना तो शब्द हवा होता. आपल्या नावाला लागलेला. वीस दाते, तीस दाते, पंचेचाळीस, त्रेसष्ट: पेटीतल्या चाकांचे आकडे ते जेवताना, चालताना, आंघोळ करताना पुटपुटायचे. या चाकाला ते जोड, ते त्याला जोड, कुठंतरी एकशे सत्तावीस बसेलच. आणि मी त्या संध्याकाळी म्हणाले की होणार नाही.

मला राग यायला वेळ लागत नाही, आणि तो उतरायलाही लागत नाही. थोड्या वेळानं मी बाहेर गेले.

"मी तुमाले नाही म्हटलं जी. त्या आकड्याले म्हटलं."

"आकडा काय करून राहिला? चाकं तर आमी जोडून राहिलो."

"तो मूळ संख्या आहे. त्याचे तुकडे होत नाही. तुमी लहान चाकांचा कितीबी गुनाकार करा, त्याच्यात एकशे सत्तावीस येनारच नाही. तो आला तर पुरा येतो."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच काही कारस्थान केलंय. "लहानपनापासून ऐकून राहिलो, होनार नाही, होनार नाही. मास्तर म्हने, फोरमन म्हने. आता तू."

हे वाक्य माझ्या काळजात रुतलं. माझ्या लक्षात आलं की शाळेतल्या व्याख्या सांगून यातून सुटका नाही. या माणसाला हाताला लागेल असंच काही दाखवायला हवं.

रविवारी मी चिंचोके काढले. चिंच फोडून बिया वाळवून ठेवायची सवय आमच्याकडं सगळ्यांनाच असते. एकशे सत्तावीस मोजून जमिनीवर ओतले आणि म्हटलं, लावा सारख्या रांगा. दोन-दोनच्या लावल्या, एक उरला. तीन-तीनच्या, एक उरला. पाचच्या लावल्या, दोन उरले. सातच्या रांगा लावताना यांचा चेहरा उजळत गेला, कारण रांगा सुंदर बसत होत्या, आणि शेवटी पुन्हा तो एक मेला उरलाच. अकराच्या लावल्या, सहा उरले.

"आता तेराच्या," हे म्हणाले.

"तेराच्या लावायची गरज नाही."

"कावून?"

"तेराच्या रांगा बरोबर बसल्या असत्या, तर त्या किती झाल्या असत्या? दहाबी नाही. मंग त्याच आडव्या पाहा. दहाच्या आतली रांग झाली का नाही? ते तर आपन करून पायलं."

ते उठून चिंचोक्यांच्या दुसऱ्या बाजूला गेले. तिकडून पाहिलं, इकडून पाहिलं. मग उकिडवे बसले. शेजारचे एकशे सव्वीस आणि एकशे अठ्ठावीस मी त्यांना मांडून दाखवले. एकशे सव्वीस दोनात, तीनात, सातात, नवात, कशातही बसतो. एकशे अठ्ठावीसचे निम्मे करत जा, शेवटी एकापर्यंत पोचाल. दोघेही मनमिळाऊ शेजारी आणि मधोमध हा अडेलतट्टू. ते हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

"म्हंजे माह्यात खोट नाही."

"नाही."

"आन् चाकातबी नाही. त्याचा स्वभावच आहे तसा." मग उठून हात झटकले. "ठीक आहे. तुकडे होत नाही तर पुरा बनवू. चाकच बनवतो."

आता माझी पाळी होती डोकं धरायची. दात्यांचं चाक पाडायचं तर गोल चकतीचे सारखे भाग पाडावे लागतात. त्यासाठी मिलिंग मशीनवर भोकं पाडलेली तबकडी असते. इतकी भोकं सोडा, एक दाता पाडा, पुन्हा इतकी सोडा. पण ती भोकंही पंधरा, अठरा, वीस, एकोणपन्नास अशी. एकशे सत्तावीस भाग हवे असतील तर तबकडीलाही एकशे सत्तावीस भोकं हवीत. म्हणजे ज्याचं चाक हवं, ते करायलाही त्याचंच चाक हवं! अशी संख्या कुणाच्या दारी उभी राहत नाही आणि कुणाला आपल्या दारी उभं करत नाही. मी चिडून चिंचोके परत डब्यात भरले.

त्या दिवसांत मी घरी शिवणकाम करायचे. काही दिवसांपूर्वी एका रशियन इंजिनिअरच्या बायकोचा फ्रॉक शिवायला आला होता. तिनं खुणांनी सगळं समजावलं आणि कागदावर मापं लिहून दिली. छातीचं माप ब्याण्णव! बाई अंगापिंडानं मजबूत होती, पण ब्याण्णव इंच? मी दोन दिवस त्या कापडाभोवती फिरले. शेवटी खाडाखोड समजून बत्तीस इंचांनी बेतला, आणि तो तिच्या डोक्यातूनही खाली उतरेना. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग तिनं स्वतःची मापाची फीत आणून माझ्या गळ्यात घातली. सेंटीमीटरची. मी नवीन फ्रॉक शिवून दिला आणि फीत माझ्याकडंच राहिली.

तर ती फीत आणि माझी नागपूरची इंचाची फीत एका खिळ्याला टांगलेल्या असायच्या. एका दुपारी कपडा बेतता बेतता माझी नजर दोन्हींवर गेली. वरची टोकं जुळलेली, शेजारीशेजारी. सेंटीमीटरच्या रेघा आणि इंचाच्या रेघा एकमेकींना चुकवत खाली जात होत्या. एकीचा आकडा दुसरीच्या आकड्यावर कुठं येतो ते मी बोटानं बघत गेले. जवळ यायच्या, हुकायच्या, पुन्हा दूर जायच्या. थेट खाली पन्नासाव्या इंचापाशी पहिल्यांदा दोन्हींच्या रेघा एका ओळीत आल्या. सेंटीमीटरच्या फितीवर आकडा होता एकशे सत्तावीस.

पन्नास आणि एकशे सत्तावीस यांच्यात काहीच सामाईक नाही, म्हणून त्याआधी त्यांना भेटताच येत नाही. हे मला समजत होतं. पण समजणं वेगळं आणि डोळ्यांसमोर दोन रेघा जुळलेल्या बघणं वेगळं. आणि मग लगेच दुसरी गोष्ट सुचली. ही फीत इथं कापली तर तिचे एकशे सत्तावीस सारखे भाग आयतेच पाडलेले आहेत. ती एखाद्या गोल लाकडावर गुंडाळली तर?

हे घरी आले तेव्हा मी फीत कापून हातात धरून दारातच उभी होते. त्यांना अर्धं वाक्य पुरलं. रशियातून येणाऱ्या मशीनच्या मोठमोठ्या खोक्यांच्या फळ्या तेव्हा भिलाईत कुणाच्याही घरात असायच्या, आमचा पाट आणि शिवणाचं टेबल त्याच फळ्यांचं. त्यांनी टेबल मोडलं. इंजिनिअर साहेबांना विचारून, सुट्टीच्या वेळात, फळ्या चिकटवून त्यांनी लेथवर लाकडाचा ढोल उतरवला, आणि फितीची दोन टोकं एकमेकांना भिडेपर्यंत केसाकेसानं खरवडत नेला. तो ढोल आणि लोखंडाची चकती एकाच दांड्यावर. ढोलावरची एक रेघ बाजूला बसवलेल्या काट्यासमोर आणायची, एक दाता पाडायचा. शॉपातली माणसं बघायला जमली. "बायकोची फीत घेऊन आला टर्नर व्हायला," म्हणून खूप चिडवलं. हे घरी येऊन मला ते हसत सांगायचे, पण त्या हसण्यात काही दम नव्हता.

पहिलं चाक बिघडलं. शेवटचा दाता उंदराच्या दातासारखा बारीक निघाला. कापडाची फीत, ढोलावर ताणून बसवताना कुठं जास्त ताणली, कुठं कमी. चाक घेऊन हे घरी आले, ते खाली टाकलं आणि भिंतीकडं तोंड करून बसले. मी फीत सोडवून घेतली, तांदळाची घट्ट खळ केली, तिच्यात बुडवून सावलीत वाळवली आणि कोळशाच्या इस्त्रीनं कडक केली. फीत पुठ्ठ्यासारखी ताठ झाली आणि सगळीकडून सारखीच आकसली. यांनी ती मोजून पाहिली मात्र, तोंड काळवंडलं.

"हे काय केलं तू? आता सेंटीमीटर कुठी राहिला हा?"

"नसू द्या ना जी. आपल्याले सेंटीमीटर कुठं पायजे? एकशे सत्तावीस भाग पायजे, सारखे. ते आहेत."

त्यांनी रेघांमधलं अंतर पुन्हा बोटानं मोजलं. मग मान डोलावली आणि ढोल अजून थोडा बारीक करायला निघून गेले.

दुसरं चाक पाडायला सुरुवात झाली तेव्हा मला घरात बसवेना. शिवायला टेबल नाही, दार उघडं ठेवावं तर धूळ. मी सिमेंटच्या पिशवीचा कागद पसरला आणि दुप्पट करत बसले. आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी एकदा एक जिना दाखवला होता. दोनचा दोनदा गुणाकार करून एक वजा करा: तीन. आलं तितक्यांदा, म्हणजे तीनदा करून एक वजा: सात. सातदा करून एक वजा: एकशे सत्तावीस. तिन्ही मूळ संख्या. वाटेल त्या मूळ संख्येनं हे होत नाही, अकरा वेळा केलं तर दोन हजार सत्तेचाळीस येतात आणि ते तेवीस गुणिले एकोणनव्वद असे फुटतात. पण हा जिना टिकतो. एकशे सत्तावीस वेळा दोन गुणून एक वजा केला तर एकोणचाळीस अंकांची संख्या येते आणि तीही मूळ आहे. बाई म्हणायच्या, जगात माहीत असलेली सगळ्यात मोठी. तेव्हा ती खरं तर सगळ्यात मोठी राहिली नव्हती, परदेशात यंत्रानं तिच्याहून मोठ्या शोधल्या होत्या. नागपुरात हे कळायला वेळ लागला.

मी विचार करायचे, हिला चिंचोके लावून बघायचं म्हटलं तर वीस अंकी संख्येपर्यंतच्या रांगा लावाव्या लागतील. पृथ्वीवर तेवढ्या चिंचा नाहीत. तरी कुणीतरी आमच्या आजोबांच्या काळात, यंत्राशिवाय, कागदावर ते सिद्ध केलं. जिन्यावरच्या अशा संख्यांना एक आडवाट आहे, तीही बाईंनी सांगितली होती. चार घ्या. वर्ग करा, दोन वजा करा. उत्तर मोठं झालं की तपासायच्या संख्येनं भागून बाकी तेवढी ठेवा. पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा. एकशे सत्तावीससाठी मी ते तिथंच केलं: चार, चौदा, सदुसष्ट, बेचाळीस, एकशे अकरा आणि मग शून्य. शून्य आलं की संख्या मूळ. एकही रांग न लावता. मला रडूच यायला लागलं, का ते सांगता येणार नाही. कागदावर दुपटी वाढत होत्या, मी चुकत होते, खोडत होते, पुन्हा मागे जात होते, आणि दर थोड्या वेळानं उठून दारात जाऊन रस्त्याकडं बघत होते. जिन्याची पुढची पायरी, म्हणजे त्या एकोणचाळीस अंकी संख्येइतक्या वेळा दोन गुणून एक वजा, ती मूळ आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

चाक बरोबर आलं. यांनी कानशीनं दाते साफ केले, चाक लेथला जोडलं आणि स्क्रूचे आटे पाडले. नट एका टोकाला लावून बोटानं फिरवला तर तो दुसऱ्या टोकापर्यंत गेला. इंजिनिअर साहेबांनी स्वतः दोनदा फिरवून पाहिला आणि यांच्या पाठीवर थाप दिली. हे मला नंतर साहेबांकडूनच कळलं, कारण संध्याकाळी घरी आल्यावर हे फक्त "झालं" एवढंच बोलले. मी विचारलं, मग टर्नर?

मॅनेजरनं नाही म्हटलं होतं. शाबासकी दिली, चहा पाजला आणि म्हणाला, खलाशी आहेस, खलाशीच राहशील. ते मी रागात बोललो होतो. असं कुठं होतं का?

मी जी भडकले ती भडकले. त्या मॅनेजरच्या सात पिढ्या काढल्या. पुन्हा ताट टाकून हे बाहेर जाऊन बसणार, म्हणून मी त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हते. पण हे जेवत होते. भात मागून घेतला.

"तुमाले राग नाही येऊन राहिला?"

"येऊन राहिला ना." त्यांनी घास गिळला. "पन पाय, त्या आकड्यानं नाही म्हटलं, तवा मी रांगा लावून पायलं. कारन होतं त्याच्यापाशी. मी मानलं. या मानसापाशी काय कारन आहे? इचारलं मी. नाही सांगता आलं त्याले. मंग मी कावून मानू?"

सकाळी ते शॉपात गेलेच नाहीत. प्लांटाच्या गेटाजवळ भरतीची रांग लागायची, तिथं जाऊन उभे राहिले. मला येऊ नको म्हणाले होते, तरी मी गेले आणि टेबलापासून थोड्या अंतरावर बायकांच्या घोळक्यात थांबले. टेबलामागचा माणूस एकेकाला विचारत होता, काय काम येतं. यांची पाळी आली.

"टर्नर," हे म्हणाले.

त्यानं वर पाहिलं. अंगावरचे तेलाचे कपडे पाहिले. "किसने बनाया तुमको टर्नर?"

आजूबाजूची माणसं हसली. यांनी घाई केली नाही.

"किसीने नहीं बनाया, साहब. मैं हूँ."

टेबलामागच्या माणसानं लेखणी खाली ठेवली. मग त्यानं हातानं आत परीक्षेसाठी लावलेल्या लेथ मशीनकडं खूण केली आणि बाजूला सरून यांना वाट दिली.